आबाजीचं काबूल

सुंदराला एकाच महिन्यात दोन स्थळं सांगून आली, तेव्हा कुठल्याही बापाने देवापुढे नारळ फोडला असता. आबाजी मात्र ओटीवर मांडी घालून बसला आणि काबूलच्या अमीराचा विचार करू लागला.

पळसदरीजवळच्या त्या गावात काबूल कुठे आहे हे आबाजीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आबाजीलाही ते घाटाच्या वर, पुण्याच्या पुष्कळ पलीकडे आहे, इतकंच ठाऊक होतं. पण बाजाराच्या दिवशी कर्जतला गेला की तो स्टेशनाजवळच्या वाण्याच्या दुकानात मिठाच्या पोत्यावर ठाण मांडी, आणि वाणी पुण्याहून आलेलं वर्तमानपत्र मोठ्याने वाची. त्या साली, म्हणजे एकोणीसशे सातात, जिकडेतिकडे काबूलच्या राजाचा, त्या अमीराचा, बोलबाला होता. सरकारचा पाहुणा म्हणून तो हिंदुस्थानात आला, आग्र्याला मिरवला, मुंबई पाहून गेला.

"त्येला येवढा मान कशापायी?" आबाजीने विचारलं.

"अरे, त्याच्या एका अंगाला रशियाचा बादशहा नि दुसऱ्या अंगाला इंग्रज," वाणी म्हणाला. "दोघांनाही तो आपल्याकडे हवा. तो दोघांशी गोड बोलतो नि शब्द कुणालाच देत नाही. बसल्या जागी पैका येतो, बंदुका येतात."

"हुश्शार गडी!" आबाजीने मांडीवर थाप मारली. तो हे तिथेच विसरला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

दोन स्थळांपैकी एक डोंगराच्या अंगाचं होतं. कोंडाण्याच्या हिरामणचा मुलगा कान्हा. दुसरं नदीच्या अंगाचं, साजगावच्या धाऊचा मुलगा नागू. दोन्ही घरं जातीपातीला जुळणारी, खाऊनपिऊन सुखी. आपल्याकडे मुलाचा बाप मागणी घालताना सुपारी घेऊन येतो. मुलीच्या बापाने ती अडकित्त्याने फोडून चार माणसांच्या हातांवर खांडं ठेवली की सोयरीक पक्की. मग माघार नाही. आबाजीने हिरामणची सुपारी हसतमुखाने घेतली आणि न फोडता देव्हाऱ्यात ठेवली. आठवड्याने धाऊची सुपारी आली, ती तिच्या शेजारी ठेवली.

"आवो, ह्ये काय?" आनंदीबाई म्हणाली. "येका पोरीला दोन सुपाऱ्या?"

"तुला नाय कळायचं. ह्येला राजकारन म्हनतात."

राजकारणाला फळं मात्र लागली. भाताची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा नि झाडांचे तोडलेले टाळ पसरून जाळावे लागतात. त्याला राब म्हणतात, आणि त्या राबापायी आबाजीचा दर उन्हाळ्यात जीव मेटाकुटीला येई. यंदा त्याने हिरामणच्या कानावर सहज घातलं की साजगावकरही फार आशेने आहेत. चौथ्या दिवशी कान्हा डोंगरावरून राबाचे भारे घेऊन हजर! मग धाऊ आला तेव्हा आबाजीने त्याला मुद्दाम त्या ढिगाजवळ बसवलं.

"कोंडाण्याची मान्सं लई मायाळू," तो उसासा टाकून म्हणाला.

"आमी काय कमी हाव काय?" धाऊ पेटला. "आवनीला माजी रेड्यांची जोडी तुमच्या खाचरात. बोला!"

आबाजी काहीच बोलला नाही. अमीरही अशा वेळी बोलत नसावा, असा त्याचा कयास होता.

एक गोष्ट मात्र त्याच्या धोरणात बसली नव्हती. कान्हाने राबाच्या शेवटच्या भाऱ्यावर पळसाच्या पानांचा एक द्रोण बांधून आणला होता, आणि त्यात करवंदं होती. द्रोण त्याने कुणाच्या हातात दिला नाही, विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि सरळ निघून गेला. सुंदरा तेव्हा तिथेच पाण्याला गेली होती. त्यानंतर ती रोज सकाळी कुणी न सांगता देव्हारा पुसू लागली.

"पोरीच्या मनात कान्हा हाय," आनंदीबाई नवऱ्याला म्हणाली. "फोडा ती येक सुपारी नि दुसरी मानानं परत करा."

"आगं, रेडे यायचे हायत अजून! पोरीच्या मनावर राज्यं चालत्यात व्हय?"

आवणीचे, म्हणजे खाचरात चिखल करून भात लावायचे, दिवस आले. धाऊने निरोप पाठवला, रेडे कधी आणू? हिरामणने निरोप पाठवला, लावणीला माणसं कधी आणू? एकाला नको म्हणावं तर तो रुसणार. आबाजीने दोघांनाही एकच उत्तर धाडलं, "तुमाला जमंल तवा या." मुत्सद्द्यांची उत्तरं अशीच मोघम असतात. पण पाऊस सगळ्यांच्या डोक्यावर एकदमच पडतो, आणि सगळ्यांना सवड एकाच दिवशी होते. त्या सकाळी साजगावच्या वाटेने धाऊ, नागू आणि रेडे आले, नि डोंगराच्या वाटेने हिरामण, कान्हा आणि लावणीची माणसं आली. सगळे एकाच बांधावर येऊन उभे राहिले.

आबाजीची पाचावर धारण बसली. त्याने आधी पडवीतला कोयता उचलून माळ्यावर लपवला. मग हिरामणला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यो नदीकडचा. रेडे भाड्यानं देतो." आणि धाऊला दुसऱ्या बाजूला घेऊन सांगितलं, "त्यो डोंगराकडचा मुकादम. लावनीची मान्सं पुरवतो."

दुपारपर्यंत हे निभावलं. पण दुपारी आनंदीबाईने सगळ्यांना एकाच पंगतीला बसवलं, कारण राजकारण झालं तरी पडवी एकच होती. आबाजी भात वाढत इकडून तिकडे पळत होता आणि मधल्या मधे ऐकत होता.

"रेडे झ्याक हायत हां तुमचे," हिरामण म्हणाला. "भाडं काय घेता?"

"भाडं? सोयऱ्याकडून कुनी भाडं घेतं व्हय? माजी सुपारी हाय ना हितं!"

हिरामणचा घास हातातच राहिला. "सुपारी? सुपारी तर माजी हाय."

आबाजीने डोळे मिटले. आता भांडी उडणार, रेडे सुटणार, डोकी फुटणार! पण धाऊ जो हसत सुटला तो त्याला ठसकाच लागला, आणि हिरामणने त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

"म्हंजी मी मुकादम!" हिरामण म्हणाला.

"नि मी भाडोत्री!" धाऊ डोळे पुसत म्हणाला.

दोघांनी उरलेली लावणी आटोपली, आणि संध्याकाळी हिरामण कोंडाण्याला न जाता धाऊबरोबर साजगावला गेला. रेड्याचं एक पारडू बघायचं होतं म्हणे. आबाजीने कपाळावरचा घाम पुसला आणि बायकोला सांगितलं, "बघितलंस? येकमेकांवर नजर ठेवत्यात. आता आपला भाव आजून वाढनार."

भाद्रपद संपत आला तेव्हा वाण्याने एक दिवस वर्तमानपत्र उघडलं आणि तो चुकचुकला. "आबाजी, तुझा अमीर बुडाला रे!"

"मेला?"

"मेला नाही. इंग्रज नि रशिया यांनी आपसांत तह केला. काबूलचं काय करायचं ते दोघांनीच ठरवून टाकलं. अमीराला विचारलंसुद्धा नाही."

"आसं कसं? मधी तर त्यो हाय ना!"

"म्हणून तर त्याला विचारायची गरज पडली नाही."

आबाजी पोत्यावरून उठला. त्याला एकदम पडवीतली ती पंगत आठवली, नि धाऊच्या पाठीवरचा हिरामणचा हात आठवला. घरी येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं होतं. कान्हाची सुपारी फोडायची.

पण तो पितृपंधरवडा होता. शुभकार्य कसं करणार? पुढे दसरा आला. दसऱ्याला खुशाल फोडता आली असती, पण नेमकी आदल्या दिवशी धाऊने निरोप पाठवून गाडी देऊ केली, कापलेलं भात खळ्यावर आणायला. आबाजीच्या मनाने पुन्हा कच खाल्ली. एवढी कापणी होऊ दे, मग बघू. माणसाला शहाणपण सुचतं, पण ते फार वेळ टिकत नाही, हेच खरं.

कार्तिकात साजगावची यात्रा भरली. विठोबाच्या दर्शनाला येणारी माणसं परतताना सुक्या बोंबलांच्या माळा गळ्यात घातल्यासारख्या घेऊन जातात, अशी ती यात्रा. आबाजी बोंबिलवाल्यांच्या रांगेत घासाघीस करत होता, तेवढ्यात मागून दोन हात त्याच्या दोन खांद्यांवर पडले. एका बाजूला हिरामण आणि दुसऱ्या बाजूला धाऊ.

"आबाजी, बरं सापडलात!" धाऊ म्हणाला. "आमचं साटंलोटं ठरलं. माजी गौरा ह्यांच्या कान्हाला, नि ह्यांची धाकटी माज्या नागूला."

"तुमच्याच पडवीत वळख झाली आमची," हिरामण हात जोडून म्हणाला. "तुमी दोघांनाबी नाय म्हनाला नाय, हां बी म्हनाला नाय. आमी म्हनलं, मान्साच्या मनात नसंल. उगी त्येला किती दिस अडचनीत ठेवायचं?"

आबाजीने हातातले बोंबील परत ढिगात ठेवले.

"तवा सुपारी तुमीच फोडायची. पहिला मान तुमचा," धाऊ म्हणाला. "आन नव्या कशाला आनायच्या? आमच्या दोन हायत ना तुमच्या देवात? त्याच घिऊन या."

घरी येईपर्यंत आबाजीचा संताप मस्तकात गेला होता. "मी मधी हाय नि मलाच इचारलं नाय! माज्या दारात वळख नि माज्याच डोक्यावर तह!"

आनंदीबाई चुलीपुढून उठली. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. आनंदीबाई कधी मोठ्याने बोलत नसे, तेव्हाही बोलली नाही.

"तुमाला इचारलं नाय म्हनून येवढं लागलं," ती म्हणाली. "माज्या पोरीला कुनी इचारलं?"

आबाजी खाली बसला. इतके महिने तो स्वतःला अमीर समजत होता. घरातलं काबूल कोण होतं, ते त्याला आज कळलं.

सुंदराने देव्हाऱ्यातल्या दोन्ही सुपाऱ्या आणून त्याच्यापुढे ठेवल्या. सहा महिने पुसून पुसून त्या लखलखीत झाल्या होत्या.

"ह्यातली हिरामनची कंची नि धाऊची कंची?" आबाजीने विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"ही कान्हाची," सुंदरा म्हणाली. तिने बोट लावलं नाही, नुसती दाखवली. त्या सुपारीच्या देठाशी हळदीचा बारीक ठिपका होता. तिला जवळ घेऊन काहीतरी बोलावं असं आबाजीला फार वाटलं, पण तोवर ती पाणी आणायला निघून गेली.

साजगावला मंडळी जमली. आबाजीला मधोमध घोंगडीवर बसवलं आणि त्याच्या डोक्याला नवं पागोटं बांधलं. धाऊची सुपारी त्याने एका दाबात फोडली. दुसरी अडकित्त्यात धरली आणि त्याचा हात तिथेच थांबला. लोक वाट बघत होते. शेवटी धाऊनेच अडकित्ता त्याच्या हातून घेतला.

"राहू द्या, आबाजी. सुपारी वाळून लई कडक झालीया," तो म्हणाला आणि त्याने ती फोडून सगळ्यांना खांडं वाटली. आबाजीच्या तळहातावरही एक आलं.

पुढे माघात सुंदराला चौक गावाजवळचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला होता. मुलाच्या बापाने सुपारी पुढे ठेवली. या खेपेला आबाजी पाहुण्यांना बसा म्हणून उठला, परसात गेला आणि भांडी घासणाऱ्या सुंदरापुढे उकिडवा बसला.

"पोरी, तुज्या मनात काय हाय? तू सांगशील तसं करीन."

सुंदराने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि राखेचे हात धुतले.

"आता इचारतोस व्हय, बा?" ती म्हणाली, आणि आत जाऊन त्याला अडकित्ता आणून दिला.