परतीची पाटी

एसटीच्या पाटीवरचा ‘मार्गे’ हा बारका शब्द तुम्ही कधी नीट वाचलाय का?

आमच्या दिंद्रुडचे कंट्रोलरकाका आधी तोच वाचतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले आणि गावच्या वाचनालयात बसून लिनक्स ही संगणकप्रणाली शिकले. कुणी म्हणालं, “काका, बीडला चाललो,” की प्रश्न ठरलेला: “मार्गे?” लग्नपत्रिका हातात दिली तरी नवरा-नवरीची नावं सोडून आधी, “वरात कोण्या मार्गे?”

यंदा मुलींच्या वसतिगृहात संगणक आले. या मुलींचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. वाचनालयातल्या सर्व्हरवरचे धडे त्यांना तिथं दिसायचे होते. नारळ फुटला, फोटो निघाले, पुढारी गेले. परीक्षा तोंडावर आली, धडा काही उघडेना. मी गावातला ऊठसूट पत्रकं काढणारा कार्यकर्ता; संतापून पत्रक लिहायला बसलो: ‘मुलींच्या शिक्षणाची थट्टा थांबवा!’

“पत्रक मागून काढ बे,” काका म्हणाले. “आधी रस्ता बघू.”

वसतिगृहाचं नेटवर्क वेगळं, वाचनालयाचं वेगळं. दोन्हींना जोडणारा एक जुना संगणक मधे. काकांनी तपासलं आणि हसले. “पोरींची मागणी सर्व्हरपर्यंत पोचतीय. पन सर्व्हरला परतीची पाटीच न्हाई. उत्तर भलत्याच गाडीत बसून चाललंय. तुझ्या पत्रकांचं बी तसंच हाय.”

हे मला लई लागलं.

त्यांनी सर्व्हरवर एक ओळ टाइप केली: वसतिगृह, व्हाया मधला संगणक. धडा उघडला. मुलींनी असा गलका केला की वॉर्डनबाई धावत आल्या.

“आता हीच ओळ सर्व्हरच्या फायलीत लिव,” काका मला म्हणाले. “तोंडी सांगितलेला रस्ता मशीन बंद पडली की इसरती.”

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. काका एकटेच राहतात. आत खिळ्याला एक पाटी टांगलेली, त्यांच्याच अक्षरात: ‘पुणे – दिंद्रुड, मार्गे आष्टी, बीड’. पोरगा पुण्यात, तीन दिवाळ्या आला नव्हता.

“ही कशाला, काका?”

“पोराला जायची पाटी मीच लावून दिलती. परतीची लिवायची राहिली हुती.” मग पेढ्याकडं बघत, “लिवून ठेवलेली बरी.”

मी गुपचूप पाटीचा फोटो काढला आणि पोराला पाठवला. खाली घोषणा नाही, उद्गारचिन्ह नाही.

परवा वाचनालयात काकांचा फोन वाजला. पलीकडून पोरगा म्हणाला, “बाबा, शनिवारी येतोय.”

काकांनी टेबलावरचा कागद-पेन पुढं ओढला. मग विचारलं, “मार्गे?”

तुम्हीही गाव सोडलेलं असेल, तर आज घरी फोन करा. येतो म्हणा. आणि कोणत्या मार्गे, तेही सांगा.