कवेलू फेरण्याचे काम प्रगतिपथावर

घराचे आयुष्य छतावर अवलंबून असते, आणि पोंभुर्णा तालुक्यात छताचे आयुष्य माकडांवर. माकडे उड्या मारतात, कवेलू (म्हणजे कौले) सरकतात, फुटतात. म्हणून दर मे महिन्यात कोणीतरी वर चढून ते उतरवावे, झाडावे, फुटके बदलावे आणि पुन्हा रचावे लागतात. याला कवेलू फेरणे म्हणतात. सराईत माणसाला एका घराला तीन दिवस पुरतात. आमच्या घराला एकोणतीस वर्षे लागली असून काम अद्याप चालू आहे.

१९८९ साली, आई काविळीने गेल्यानंतर चार महिन्यांनी, माझे वडील वामनराव (गावासाठी गुरुजी) यांनी जंगलातल्या वस्तीवरून पत्रू नावाच्या माणसाला या कामासाठी बोलावले. तो स्वतःची शिडी घेऊन आला. ती शिडी अजून आमच्याकडे आहे. पत्रूकाकाही.

मी तेव्हा तीन वर्षांची होते. नववीत जाईपर्यंत माझी अशी समजूत होती की प्रत्येक घराला एक कवेलूवाला असतो. तो पहाटे चूल पेटवतो, मुलीची वेणी घालतो (वाकडी), आणि वडिलांनी तापात शाळेत जायचे म्हटले की त्यांची चप्पल लपवून ठेवतो. मैत्रिणींच्या घरी असा कोणी नाही हे कळल्यावर मला त्यांची कीव आली. पुढे पुस्तके वाचून कळले की याला प्रेम म्हणतात आणि ते दंडनीय आहे.

गावाला मात्र पुस्तके वाचावी लागली नाहीत. आमच्या गावात दोनशे बारा घरे आहेत आणि दोनशे बारा घरांना सगळे माहीत होते. पण गाव सुसंस्कृत आहे. जे माहीत आहे ते तिथे विचारत नाहीत. त्याच्या शेजारचे काहीतरी विचारतात.

"गुरुजी, स्लॅब काऊन नाई टाकत?"

"कवेलूचं घर थंड राह्यते," बाबा म्हणत.

तालुक्यातल्या सगळ्या मास्तरांनी स्लॅब टाकले. बाबा शेवटचे उरले. आठवड्याला दोनदा या हिशेबाने हा प्रश्न त्यांना सुमारे तीन हजार वेळा विचारला गेला (पोळ्याचा आठवडा वेगळा, तेव्हा पाहुणेही विचारत). उत्तर एकदाही बदलले नाही. मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस अंश असत तेव्हा आमच्या घरात चव्वेचाळीस असत. या दोन अंशांच्या जोरावर दोन माणसांनी संसार केला.

आता कायद्याकडे वळू. १८६० साली काही साहेबांनी आपल्यासाठी दंड संहिता लिहिली. तिच्या तीनशे सत्त्याहत्तराव्या कलमात निसर्गक्रमाविरुद्धच्या संबंधांना जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. ते साहेब आमच्या जंगलात आले होते की नाही, याची नोंद मला सापडली नाही. न्यायालयाने हे कलम कायम ठेवल्याची बातमी २०१३ च्या डिसेंबरात आली, तेव्हा बाबांनी ती शाळेतल्या धड्यासारखी मोठ्याने वाचून दाखवली. पत्रूकाका तुरीच्या शेंगा सोलत होते.

"निसर्ग म्हंजे जंगलच ना, गुरुजी?"

"हो."

"त्याले त मी पयलेपासून वळखतो. त्यानं तर मले कधी काई म्हटलं नाई."

बाबा हसले, पेपरची घडी केली आणि गादीखाली ठेवली. त्या हिवाळ्यात, हंगाम नसताना, आमचे कवेलू एकदा जास्तीचे फेरले गेले. रस्त्यावरून दिसेल असे, भर दुपारी.

सध्या, म्हणजे २०१८ च्या या जुलैत, दिल्लीत त्याच कलमावर पुन्हा सुनावणी चालू आहे. ते ठेवावे असे म्हणणाऱ्यांची बाजू मी आदराने वाचते. त्यांना एवढेच सुचवते की ठेवायचे तर नीट राबवावे. शिक्षेपुरती आमच्याकडे कुचराई झालेली नाही: दोन्ही आरोपी एकाच छताखाली एकोणतीस वर्षे राहिले, आणि त्यांपैकी एकाने जन्मठेप शब्दशः पूर्ण केली. प्रश्न उरतो साक्षीदारांचा. बाजारातली बुधरीबाई बाबांना दर बुधवारी बजावत असे, "गुरुजी, वांगे नोका नेऊ, तुमच्या त्याले खाज सुटते." हा पुरावा आहे आणि तो तिने पोलिसांपासून लपवला. दोनशे बारा घरांनी लपवला. त्या सर्वांना चंद्रपूरच्या तुरुंगात ठेवायचे तर तुरुंगावर मजला चढवावा लागेल (स्लॅबचा).

बाबा एकवीस मे रोजी गेले. त्या दिवशी अर्धे छत उघडे होते.

पुण्यानुमोदनाच्या कार्डासाठी विहारात बैठक झाली. उपस्थिती: चुलतभाऊ राजदीप (पंचायत समितीत लिपिक, त्यामुळे अध्यक्ष), सत्यशीला आत्या आणि मी. पत्रूकाका गैरहजर, ते छतावर होते. शोकाकुल या मथळ्याखाली तेवीस नावे एकमताने मंजूर झाली. त्यांत बाबांशी वीस वर्षे न बोललेले दोघे होते आणि बाबांना कधीच न भेटलेले एक सहा महिन्यांचे बाळ होते. बाळाच्या शोकाबद्दल कोणी शंका घेतली नाही. मग मी चोविसावे नाव सांगितले.

राजदीपने पेन खाली ठेवला. "ताई, नाव टाकाले माही ना नाई. पण सगळ्याईसमोर नातं लिवलं आहे. ह्याईचं काय लिवू?"

"भाऊ?" मी म्हणाले.

"आडनाव वेगळं, समाज वेगळा. लोकं पुसतीन ना."

"मंग लिव ना, कवेलूवाला!" आत्या म्हणाली. "एकोणतीस वर्सं झाले, अजून त्याचं छत होऊनच राह्यलं." ती हसायला लागली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. "माह्या भावाले शेवटचं पानी त्यानंच पाजलं. लिव बाबू काईतरी."

काईतरी सुचवले ते मी. माझ्याकडे दोन पदव्या आहेत आणि मी एका महाविद्यालयाचे ग्रंथालय सांभाळते. मी म्हणाले, शेवटी 'व मित्रमंडळ' असे टाक. राजदीपने सुटकेचा श्वास सोडला. ठराव मंजूर झाला.

कार्डे छापून आली तेव्हा पत्रूकाका शिडीवरून उतरले आणि मला सगळी नावे वाचायला लावली. तेवीस नावे त्यांनी मान हलवत ऐकली. बाळाच्या नावाला ते हसलेही.

"मित्रमंडळ म्हंजे कोन कोन, पोरी?"

"तुम्ही, काका."

"आन?"

"तुम्हीच."

"मंग अध्यक्ष कोन हाय?"

ते पुन्हा वर चढले.

कार्यक्रम झाला. भंतेजींनी अनित्यतेवर प्रवचन दिले. पत्रूकाका मंडपात मागच्या ओळीत, चपलांजवळ बसले होते. मी त्यांना हाताला धरून पुढे आणावे असे मला वाटले. तसे वाटल्याची येथे नोंद करते, आणले नाही.

जूनमध्ये मी त्यांना म्हटले, "काका, साठी उलटली तुमची. आता वर चढू नका. मी स्लॅब टाकते."

ते कवेलूवरची माती खरवडत होते.

"स्लॅब टाकला त मी इथी कोन म्हून राहू?"

म्हणून माझे न्यायालयाकडे मागणे अगदी लहान आहे. प्रतिष्ठा, समता, स्वातंत्र्य वगैरेंवर मोठमोठे वकील बोलत आहेतच. मला पोंभुर्णा तालुक्यात एका घरावर स्लॅब टाकायचा आहे, आणि एक कलम आडवे येते आहे. ते काढावे.

न्यायालय ते कदाचित काढीलही. तेवढ्याने मात्र काम संपणार नाही, कारण शिडीवरून उतरणाऱ्या माणसाला कोण म्हणून हाक मारायची हे दिल्लीहून कळवता येत नाही. ते तुमच्याकडे आहे. तुमच्याही रस्त्यावर असे एक घर असेल. वर्षानुवर्षे न गेलेला भाडेकरू, लांबचा मावसभाऊ, नोकरीपुरती आलेली आणि राहिलेली मैत्रीण. तुम्ही भली माणसे आहात, कधी वावगे बोलला नाहीत. जाता-येता थांबून, अगदी आपुलकीने, शेजारचे काहीतरी विचारले असेल.

विचारत राहा. उत्तर आमच्याकडे तयार आहे, आणि तुम्हालाही तेच ऐकायला आवडते.

घर थंड राह्यते.