मानाची घंटा

शर्यत किती अंतराची आहे हे धावणाऱ्यांनी ठरवायचं नसतं, ही क्रीडाजगतातली सर्वांत उदात्त परंपरा आहे. ज्यांना धावून दम लागतो त्यांच्या मतावर कुठलाच कारभार चालत नाही.

परवाच्या आंतरराष्ट्रीय कनिष्ठ मैदानी स्पर्धेत ही परंपरा झळाळून निघाली. मुलींच्या पाच हजार मीटर शर्यतीसाठी आमच्या संघटनेने नऊ जणांचं पथक पाठवलं होतं: पथकप्रमुख, उपप्रमुख (प्रमुखांना झोप लागली तर), प्रमुखांच्या पत्नी (प्रमुखांना झोप लागू नये म्हणून), चिटणीस, चिटणिसांचे मेहुणे (दुभाषे, परकी भाषा येत नाही, पण आवाज खणखणीत), डॉक्टर (गुरांचे, पण अनुभवी), छायाचित्रकार आणि झेंडा धरायला एक निवृत्त मुख्याध्यापक. इतक्या काटेकोर निवडीत प्रशिक्षकाला जागा उरली नाही, हे ओघानंच आलं.

प्रशिक्षक म्हणजे धावणाऱ्या मुलीची आत्या. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी वाळत घालते. भाचीला सगळे काडी म्हणतात. दहा वर्षं आत्यानं तिला कपड्यांच्या चिमट्यांवर पळवलं: सुरुवातीची अर्धी फेरी सोडून आपल्या स्वेटरच्या डाव्या बाजूला बारा चिमटे, फेरी झाली की एक उजवीकडे. रजा काढून, पदरचं तिकीट काढून ती प्रेक्षकांत येऊन बसली. काडीची कनिष्ठ गटातली ही शेवटची स्पर्धा. पहिल्या आठांत आली तर वरिष्ठ संघाचं शिबिर, नाहीतर आत्याबरोबर चादरी.

शेवटच्या फेरीची घंटा वाजवण्याचा मान प्रमुख पाहुण्यांचा. त्यांना पुढे एका दालनाचं उद्घाटन होतं आणि गाडी बाहेर सुरूच होती. सबब त्यांनी घंटा एक फेरी आधी वाजवली. मानाच्या घंटेला वेळ विचारणं शिष्टाचारात बसत नाही. पंचांपैकी (एकूण अकरा) कुणीही तो प्रमाद केला नाही.

बाकीच्या मुली जिवाच्या आकांतानं सुटल्या. कठड्यावरून आत्या ओरडली, "जीव राखून ठेव गं, अजून दोन आहेत!" काडी आपल्या लयीत राहिली आणि रेषेवर सातवी आली. तिथे आडव्या पडलेल्या मुलींना वळसा घालून तिनं उरलेली फेरी एकटीनं मारली. प्रेक्षक पोट धरधरून हसले.

निकाल नेत्रदीपक लागला. सहा जणींनी जुना विक्रम मोडला, पहिलीनं तर पाऊण मिनिटाहून जास्त फरकानं. पाच हजार मीटर पुरे धावलेल्या एकमेव मुलीला साहजिकच सर्वांत जास्त वेळ लागला, आणि ती शेवटची ठरली.

आत्यानं पंचांच्या खोलीत जाऊन टेबलावर चिमटा ठेवला. "सगळ्या थांबल्या ना साहेब, तेव्हा हा डावीकडेच होता."

पंचांनी चिमटा उलटसुलट करून पाहिला आणि तो मान्यताप्राप्त उपकरण नसल्याचं नोंदवलं. आमच्या पथकप्रमुखांनी निकालपत्रावर तत्काळ सही केली (जेवण गार होत होतं). मग काडीला प्रेमानं समजावलं, "अगं, सगळ्या थांबल्या. तुलाच काय शिंगं फुटली होती?"

"पाच हजार झाले नव्हते, सर."

असली वृत्ती वेळीच ठेचलेली बरी. शिबिर हुकलं आणि सोमवारी काडी धुलाईघरात रुजू झाली. तिथे चादरी मोजून घेतात, असं ऐकतो.

वाचक सुज्ञ आहेत. अकरा पंचांना बारापर्यंत मोजता येईना, याची त्यांना चीड आली असेल. मलाही आली. फक्त एक राहिलं. वर मी पथक नऊ जणांचं म्हणालो आणि माणसं आठच सांगितली. नववी काडी होती. तुम्ही आठांवरच थांबलात, आणि हसून पुढे गेलात.