एकनाथ वायंडरची नऊ गाणी

एकनाथराव आमच्या घरी पहिल्यांदा आले ते बंद पडलेला मिक्सर बघायला, आणि आल्या आल्या त्यांनी चालू असलेल्या फ्रिजला कान लावला. मिक्सर ओट्यावर होता. मी दोनदा तिकडं बोट दाखवलं. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "काळी दोनचा सूर हाय. पर जरा उतरलाय. सर, ह्यो फ्रिज दिवाळीपत्तर टिकला तर टिकला."

फ्रिज दसऱ्यालाच गेला. तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून जी मान हलवली, तीत दुःख थोडं आणि अभिमान जास्त होता.

मिरजगावात हायवेला लागून त्यांचं मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. ते आतली काळी पडलेली तार उपसून काढायचे आणि नवी तांब्याची तार वेढा वेढा करून भरायचे, वर वार्निश ओतायचे. गावात त्यांना आडनावानं कुणी ओळखत नाही; एकनाथ वायंडर म्हटलं की पुरे. दुकानाला लागून त्यांच्या दोन खोल्या, आणि त्याला लागून माझ्या भाड्याच्या. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. मूळचा पारनेरचा.

जगातल्या सगळ्या बिघाडांचं त्यांच्याकडं एकच निदान होतं: अर्थिंग नाही. पुढाऱ्याचं भाषण ऐकलं की, "आवाज लई हाय, अर्थिंग न्हाई." नव्या जोडप्याची भांडणं ऐकू आली की, "हुईल सुरळीत. अर्थिंग बसायला टाईम लागतोय." एकदा मी त्यांना वर्गात शिकवायची एक कविता मोठ्या हौसेनं म्हणून दाखवली. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "सर, शॉक बसत न्हाई. म्हंजी अर्थिंग चांगलं हाय. पर मग करंटच कमी आसंल."

अशा माणसाकडं इलेक्ट्रिक गिटार होती. नगरच्या कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्रातून त्यांनी ती उचलून आणली होती. तारा दोनच शिल्लक, आतली कॉइल जळालेली. कॉइल त्यांनी मोटारीच्या उरलेल्या तारेनं स्वतः भरली आणि मांडववाल्याच्या जुन्या भोंग्याला गिटार जोडली. तिचा आवाज उसाच्या चरकात दगड अडकल्यासारखा यायचा. त्यांना तो फार आवडायचा. "रॉक म्हंजी काय सर? मोटार लोडवर आली की जो आवाज करती ना, त्यो. बिनलोडाची मोटार गुणगुणती. लोड आला की मग गाती."

सुनंदावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ओरडायच्या, "लोड घ्या, पर कुकरच्या शिट्ट्या झाल्यावर! माझी मोजणी चुकती!"

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात आवाज मात्र दहा माणसांचा.

दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. गावातल्या गोळ्या झाल्या, मग नगरला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी एकनाथरावांना आणि वहिनींच्या भावाला बाजूला घेतलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, तोही पसरलेला. वर्ष निघणं अवघड. भावानं टेम्पोत बसण्याआधीच एकनाथरावांना शपथ घातली, "ताईला कळता कामा न्हाई. सूज हाय म्हणायचं."

एकनाथरावांनी शपथ पाळली. तीन दिवस पाळली. त्या तीन दिवसांत त्यांनी कुठल्याही यंत्राला कान लावला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि गिटार जोडली. मी शाळेतून येत होतो. आतून पहिल्यांदाच एक पूर्ण गाणं ऐकू आलं, शब्दांसकट. रिपोर्टचं गाणं होतं. त्यात डॉक्टरांचा चष्मा होता, भिंतीवरचं कॅलेंडर होतं, आणि पोटातल्या त्या गाठीचं थेट नाव होतं.

आता, दुकान आणि वहिनींचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकेरी विटेची भिंत. हे सगळ्या मिरजगावाला माहीत होतं. त्या दिवशी ते फक्त एकनाथरावांना माहीत नव्हतं.

वहिनी बाहेर आल्या. हातात लाटणं, हाताला पीठ. त्यांनी लाटण्यानं शटर वाजवलं. गाणं थांबलं. शटर गुडघ्याएवढं वर झालं आणि खालून एकनाथरावांचा चेहरा दिसला.

"किती म्हैने म्हणला डॉक्टर?" वहिनींनी विचारलं. "दुसऱ्या कडव्यात नीट ऐकू न्हाई आलं."

मी रस्त्यातच उभा होतो. एकनाथरावांची हनुवटी हलायला लागली. मग वहिनी कष्टानं खाली वाकल्या, त्या शटरखालून आत गेल्या आणि त्यांनी ते परत खाली ओढलं.

इथं मला माझं थोडं सांगितलं पाहिजे. माझ्या वडलांनाही कॅन्सरच होता, पण शेवटचे चार महिने आम्ही त्यांना अल्सर आहे म्हणून सांगितलं होतं. आम्ही दाराआड कुजबुजत राहिलो आणि ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. त्यांना कळलं होतं का, काही बोलायचं होतं का, मला आजही माहीत नाही. त्या बंद शटरसमोर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, की आमच्या घरात कुणीतरी एक गाणं म्हणायला हवं होतं. कितीही बेसूर.

आठवडाभरानं एकनाथराव माझ्याकडं वही घेऊन आले. "सर, नऊ गाणी करायचीत. पर सुटी न्हाईत. एकच गोष्ट, पहिल्या दिसापून. ज्याला ऐकायचंय त्यानं पहिल्यापून शेवटपत्तर ऐकायचं. वायंडिंगसारखं हाय, मधीच तार तोडून जोडली की जळतंय. तुमी शुद्धलेखन तेवढं बगा."

मी मराठीचा शिक्षक. मला राहवलं नाही. एका ओळीत मी 'विरह' घातला. दुसऱ्या दिवशी वही परत आली. "विरह काढा सर. आमच्यात विरह न्हाई. आमच्यात 'करमत न्हाई' आसतंय."

ढोल-ताशाला मेहबूबचाचा आले. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवून त्यांचे गुडघे गेले होते, हात मात्र शाबूत. अडचण एवढीच, की चाचांच्या हाताला वरातीशिवाय दुसरी चाल माहीत नव्हती. केमोच्या गाण्याला दुसऱ्या मिनिटात नवरदेव घोड्यावर बसायचा. एकनाथराव कळवळून म्हणायचे, "चाचा, आजाराचं गाणं हाय वं!"

"तर काय झालं?" चाचा म्हणायचे. "आजारी मानसाचा पाय हलत न्हाई काय?"

वहिनींचा पाय हलायचा. मी पाहिलं आहे.

दुकानाला आतून गोणपाटं आणि गोधड्या ठोकल्या होत्या. मोबाईलवर रेकॉर्डिंग. वीज गेली की थांबायचं, ट्रक गेला की थांबायचं, कुणी जळालेली मोटार घेऊन आला की त्याला चहा पाजून गप्प बसवायचं. वहिनी दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि प्रत्येक गाण्यात खोट काढायच्या. दोन केमोनंतर त्यांनी पुढचे घ्यायला नकार दिला होता. अंगात जोर नव्हता, पण जिभेत होता. पाच गाणी ऐकून झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"ही बाई कोण हाय?"

"कोण म्हंजी? तूच."

"मी एवढी गरीब कधी हुते? पाचबी गाण्यांत नुसती पडून हाय अन् सोसतीय. तुमी पिठाच्या डब्यात तार ठिवली तवा मी काय सोसलं हुतं काय? भांडणाचं गाणं घाला."

"भांडणाचं?"

"आन् शेवटचं नववं काढा. मी मरती त्ये. त्ये मी बगितलं न्हाई अजून, तुमी बी न्हाई. न बगितल्याचं काय गाताय?"

मरणाचं ते नववं गाणं वगळलं. भांडणाचं गाणं सहावं झालं, आणि त्यातल्या बायकोच्या ओळी वहिनींनी स्वतः म्हटल्या. "तुमच्या तोंडात माझं भांडण शोभत न्हाई," म्हणाल्या. त्यांना सूर नव्हता, ताल नव्हता. खुर्चीशी ठेवलेल्या तांब्यातलं घोट घोट पाणी, मध्येच लागणारी धाप, आणि 'आवो, माझ्या डाळीच्या पातेल्यात वार्निश कुणी कालवलं?' ही ओळ. ती ओळ आली की चाचांची टिपरी हसण्यानं चुकायची. ते गाणं चौदा वेळा रेकॉर्ड करावं लागलं. खरं म्हणजे चारच वेळा लागलं असतं; बाकी दहा वेळा आम्हालाच ते परत ऐकायचं होतं.

नऊ गाणी पुरी झाली त्या दुपारी अंगणात बाज टाकून वहिनींना बसवलं. गल्लीतली पंधरावीस माणसं आली. एकनाथरावांनी आधीच सगळ्यांना बजावलं, "मधी उठायचं न्हाई." पाऊण तास कुणी उठलं नाही. शेवटचं गाणं संपलं, आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. वहिनीच म्हणाल्या, "वाजवा की! मी हाय अजून." मग वाजल्या.

त्या पुढच्याच पंधरवड्यात गेल्या. घरी, सकाळी, एकनाथराव चहा गाळत असताना.

त्यानंतर गिटार गोणपाटात गेली. दुकान चालू होतं. मोटारी येत होत्या, जात होत्या. पण त्या नऊ गाण्यांना मात्र पाय फुटले होते. कुणीतरी कुणाला तरी मोबाईलवर पाठवली, त्यानं आणखी कुणाला. एक दिवस नेवाशाहून फोन आला. शेतकरी होते, आवाज अगदी खाली घेऊन बोलत होते. त्यांच्या बायकोला तोच आजार. ती दिवसभर ही गाणी लावून बसते. एकदा येऊन तिच्यासमोर वाजवाल का?

एकनाथराव म्हणाले, "न्हाई जमणार." फोन ठेवला. तासाभरानं माझ्या दारात येऊन उभे राहिले. "सर, रविवारी सुट्टी हाय ना तुमाला?"

टेम्पोत आम्ही तिघं, भोंगा, ताशा आणि गिटार. नगर ओलांडून नेवाशाला पोहोचायला अकरा वाजले. प्रवरेच्या बाजूला, रानातलं घर. ओसरीवर बाई उशांना टेकून बसली होती. पन्नाशीची, डोक्याला रुमाल. घरातली माणसं हलक्या पायांनी ये-जा करत होती, भांडंसुद्धा वाजू देत नव्हती.

एकनाथरावांनी पहिल्यापासून सुरू केलं. त्यांच्या नियमात बसणारं दुसरं काही नव्हतंच. सहावं गाणं आलं आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की वहिनींच्या ओळी कोण म्हणणार हा विचार आमच्यापैकी कुणी केलाच नव्हता. ती जागा आली. एकनाथरावांचा हात तारांवर फिरत राहिला, तोंड उघडेना. चाचांनी ताशा हळू केला.

आणि उशांवरून आवाज आला, "आवो, माझ्या डाळीच्या पातेल्यात वार्निश कुणी कालवलं?"

बाईला सगळं पाठ होतं. पुढच्या कडव्यात त्यांनी शब्द सोडून दिले आणि स्वतःचेच घातले. नवऱ्याकडं बोट करून, बहिणीच्या लग्नात नेसू न दिलेली साडी काढली, विकलेली म्हैस काढली. नवरा खांबाला धरून उभा होता. आधी तो घाबरला. मग तो म्हणाला, "म्हैस आटली हुती!" आणि बाई म्हणाली, "म्हैस न्हाई, तुमची अक्कल आटली हुती!" ओसरीवरची सगळी माणसं हसली. नवरा हसता हसता खाली बसला, बायकोच्या पायाशी, आणि तिथंच तिच्या पदरात तोंड घालून रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत आमच्याकडं बघून म्हणाली, "थांबू नका, वाजवा." चाचांनी वरात सुरू केली. यावेळी त्यांना कुणी अडवलं नाही.

जेवून निघालो. चाचा मागं सामानात झोपले. उन्हं कलत होती, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागत होत्या. एकनाथराव टेम्पो चालवत होते आणि बराच वेळ काहीतरी बोलायला तोंड उघडून मिटत होते. मला वाटलं, गाण्याचं काही असेल.

नगर मागं पडल्यावर ते म्हणाले, "सर, एक विचारू?"

"विचारा की."

"न्हाई, म्हंजी... मी नगं. तुमी विचारा." त्यांनी गिअर उगीचच बदलला. "मी कुटं बी गेलो ना, मोटार बसवायला म्हणा, सामान आणायला म्हणा... घरात पाय टाकला की ती विचारायची, कसं झालं? मग मी सगळं सांगायचो. आता घरी जाऊन सांगू कुणाला? तुमी विचारता का?"

मी दिवसभर त्यांच्याच शेजारी बसलेलो होतो. एकूण एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली होती.

मी त्यांच्याकडं वळून बसलो आणि विचारलं, "काय एकनाथराव, कसं झालं?"

"लई भारी झालं," ते म्हणाले. त्यांनी काच खाली घेतली, घसा साफ केला. "सांगतो. सकाळी निघालो ना, तर चाचांची एक चप्पलच सापडंना..."