माणिकरावांची बोटभर पुडी

लग्नाच्या पंगतीत बसल्यावर बाकीची माणसं वाढप्याकडे बघतात. माणिकराव पाण्याची बाटली उलटी करतात आणि चष्मा कपाळावर चढवून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचतात. "हे बघा, पॅकिंगची तारीखच न्हाई. हरकत नोंदवायला पाह्यजे!" एकदा अंबडला त्यांनी ही हरकत थेट मुलीच्या बापाकडे नोंदवली. त्या बिचाऱ्याला वाटलं, वरपक्षाकडचं कुणीतरी रुसलंय. त्याने घाईघाईने टॉवेल-टोपीचा आहेर केला. माणिकरावांनी टोपी उलटी करून तिचंही लेबल वाचलं.

जालन्याच्या एमआयडीसीत आमच्या दोघांच्या शेड शेजारी आहेत. सगळीकडे लोखंडी सळयांचे कारखाने आणि मध्येच माझी धुण्याची पावडर आणि त्यांचं येसर. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ, ज्याची आमटी आमच्याकडे फार आवडीने खातात. वाऱ्याने दिशा बदलली की माझ्या पावडरीला आमटीचा वास लागतो. माणिकराव येसर विकतात ते फक्त बोटभर पुडीत, एका माणसाच्या एका वेळेपुरतं. मोठा पुडा काढा म्हणून मी किती वेळा डोकं फोडलं. "बिलकुल न्हाई," एवढंच उत्तर.

आमच्या छोट्या उत्पादकांच्या संघटनेचे ते सचिव. सरकारी मसुदे वाचायची हौस दुसऱ्या कुणालाच नसल्यामुळे निवडणूक कधी झालीच नाही. वजनाचा, वेष्टनाचा, लेबलाचा कुठलाही नवा नियम येवो, माणिकरावांची हरकत पोचलेली असते. सवय इतकी अंगात मुरलेली की न्हाव्याची दरवाढ आणि कॉलनीतल्या आरतीची लांबी यांवरही त्यांची हरकत आहे.

मला मात्र कुतूहल होतं ते त्यांच्या ऑफिसातल्या कपाटाचं. त्यात दुनियेतल्या सगळ्या चिमुकल्या पुड्या: चहा, लोणचं, शाम्पू, बिस्किटं. "हे काय हो?" मी एकदा विचारलं.

"अभ्यास करून राह्यलो. दुसऱ्याचं लेबल बघावं लागतं."

पण पुड्या रोज कमी व्हायच्या. अभ्यासाने लोणचं संपतं हे मला नवीनच होतं.

यंदा एक मसुदा आला. ठरावीक मापापेक्षा लहान प्लास्टिकच्या पुड्या बंद. माझं काही बिघडत नव्हतं, माझ्या पिशव्या किलोच्या. माणिकरावांकडे मशीन एकच, आणि तेही पुडीचं. सुनावणीला अर्थात तेच बोलणार होते. संभाजीनगरला जाताना एसटीत त्यांनी मला सगळे मुद्दे म्हणून दाखवले. मशीन भंगारात जाईल, पुड्या भरणाऱ्या बायांचा रोजगार जाईल, कागदी पुडीचा खर्च झेपणार नाही. मुद्दे चोख होते.

सुनावणीचे साहेब शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण गटारी याच पुड्यांनी तुंबतात ना? मोठा पुडा घेतला तर लोकांना स्वस्तही पडेल. एवढीशी पुडी लागते तरी कुणाला?"

मला वाटलं, आता माणिकराव तासभर थांबत नाहीत. पण माणिकरावांनी मुद्दे बाजूला ठेवले. चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला.

"गटारीचं तुमचं बराबर हाये साहेब. पण एकदा आमच्या गावाकडं, आष्टीला येऊन बघा. पोरं पुण्याला गेली, घरात एकेक माणूस राह्यलंय. मोठा पुडा फोडला की एकट्याला संपत न्हाई. खवट होतो. मंग टाकून द्यावा लागतो, अन् त्या दिवशी जेवण जात न्हाई." मग म्हणाले, "माझ्या घरचा मीच फेकून आल्तो."

मला कपाटाचा उलगडा तिथे झाला. त्यांच्या पत्नी मालतीवहिनी नातवाला सांभाळायला म्हणून लेकीकडे पुण्याला गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. कुणी विचारलं की माणिकराव म्हणायचे, "येऊन राह्यल्यात ना दिवाळीला." कुठल्या दिवाळीला, ते आम्ही कुणी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

साहेबांनी त्यांचं बोलणं लिहून घेतलं आणि विचार करू म्हणाले. निर्णय अजून व्हायचाय. परतीच्या एसटीत मी म्हणालो, "रविवारी आमच्याकडे जेवायला या."

"कशाला उगं वहिनींना त्रास?"

"हरकत असेल तर लेखी द्या."

रविवारी ते आले ते बगलेत येसराचा भला मोठा पुडा घेऊन. स्वतः हाताने भरलेला, वर लेबल, त्यावर नाव, वजन, तारीख, सगळं नियमात. आयुष्यात त्यांनी काढलेला हा पहिला मोठा पुडा. आमच्या हिने त्याला कात्री लावली आणि ते एकदम कासावीस झाले.

"वहिनी, संपंल ना हो एवढं?"

"न संपायला काय झालं, भाऊजी? हा संपेपर्यंत दर रविवारी इथंच जेवायचं."

माणिकरावांनी तिच्या हातातून पुडा घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतःच छापलेली बारीक अक्षरं खाली मान घालून कितीतरी वेळ वाचत बसले.