कारणे वाटेत अडकली

बदलीचा हुकूम एका ओळीचा होता, म्हणून तो पोचला. 'येत्या एक तारखेपासून आपली बदली पुणे मुख्यालयात करण्यात येत आहे; म्हणणे असल्यास शुक्रवारी पाचपर्यंत मेलने कळवावे.' सुधन्वा आगटे याने तो गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत वाचला. इमारतीच्या एका अंगाला क्रेन होती आणि दुसऱ्या अंगाला मोहरीचे शेत. देश खुला झाल्याचे त्या शेताला अजून कुणी कळवले नव्हते.

सुधन्वाला म्हणणे होते, आणि ते लांबलचक होते. त्याची बायको प्रमोदिनी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. दिल्लीत मुनिरकाच्या भाड्याच्या खोल्यांत संसाराची पहिली वर्षे काढल्यावर तिला नुकतेच आर. के. पुरमचे सरकारी क्वार्टर मिळाले होते. आता तो पुण्यात आणि ती दिल्लीत, अशी वाटणी एका ओळीने झाली होती. सुधन्वाचा स्वभाव मात्र एका ओळीचा नव्हता. ऑटोवाल्याला पत्ता सांगतानाही तो आधी पार्श्वभूमी देई. त्याने तीन पानांचे पत्र लिहिले, कागदपत्रे जोडली आणि पाठवले. पत्र आउटबॉक्समध्ये जाऊन बसले ते बसलेच. बऱ्याच वेळाने पडद्यावर शब्द उमटला : टाइमआउट.

कंपनीचे सारे टपाल व्हीपीएनमधून जाई. व्हीपीएन म्हणजे गुडगावहून पुण्यापर्यंत इंटरनेटच्या पोटातून काढलेला कंपनीचा खासगी बोगदा. त्याची देखभाल पुण्यात बसून श्रीरंग करी.

"श्रीरंग, मेल जात नाहीये यार. टाइमआउट येतोय."

"थांब, पिंग करतो." फोनवर कळा वाजल्या. "रिप्लाय येतोय की. लिंक एकदम मस्त आहे."

पिंग म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला 'आहेस का?' असे विचारणे आणि दुसऱ्याने 'आहे' म्हणणे. एवढ्यावरून सर्व क्षेम आहे असा निष्कर्ष काढणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. विवाहसंस्था त्यांत सर्वांत जुनी.

"मला एक टेस्ट मेल टाक," श्रीरंग म्हणाला.

सुधन्वाने 'टेस्ट' एवढाच शब्द पाठवला. तो तत्क्षणी पोचला.

"आला. म्हणजे मेल चालू आहे. कम्प्लेंट क्लोज करतो."

"अरे, पण माझं पत्र?"

"मग शेअर्ड फोल्डरमध्ये टाक ना."

शेअर्ड फोल्डर उघडला. आतल्या फाइलींची नावे दिसली. पण एकही फाइल उघडेना. त्यात पत्र टाकू गेले तर हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबे आणि मग फोल्डरच नाहीसा होई. सुधन्वाने शेवटी मनुष्यबळ विभागाच्या विनया मॅडमना फोन केला.

"मॅडम, ते बदलीचं जरा बोलायचं होतं. त्याचं असं आहे की मुळात..."

"आगटे, सगळं मेलमध्ये आहे. मेल वाचा आणि मेलवरच उत्तर द्या. फोनवरचं काही फाइलला लागत नाही."

मेल तर त्याने वाचलेली होती. एका ओळीत 'सगळं' कसे असते, हे त्याला कळले नाही. पण अधिकाराच्या एका ओळीत सगळे असतेच, असे समजून त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी त्याने प्रमोदिनीला सारी हकीकत प्रास्ताविकासह सांगितली. ती मटार सोलत होती.

"तीन पानं?" तिने विचारले. "अरे, तू नाही म्हणतोयस की थीसिस लिहितोयस?"

"कारणं नकोत द्यायला?"

"बिल्कुल नाही. कारण दिलं की त्याच्यावर क्वेरी येते. आमच्याकडे बघ, अख्ख्या राज्याला नाही म्हणतो आम्ही, एका ओळीत. लिही : 'आपला प्रस्ताव तूर्त स्वीकारता येत नाही, खेद आहे.'"

"पण कुठला प्रस्ताव?"

"ते कधी लिहायचं नसतं. विषयाचं नाव घेतलं की आपण त्यात सापडतो. त्यांना माहीत असतं."

"आणि माझं पत्र?"

"डिलीट कर. नोट गेली की ड्राफ्ट ठेवत नाहीत. चलो, आता मटार सोल."

शुक्रवारी सकाळी सुधन्वाने ती ओळ पाठवली. ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गेली. त्याने जड मनाने तीन पाने खोडली. आता त्याला मोकळे वाटायला हवे होते. पण एक प्रश्न त्याला बसू देईना. 'टेस्ट' जाते, खेद जातो, मग कारणेच का जात नाहीत? तो श्रीरंगला वाढत्या लांबीच्या मेल पाठवू लागला. आधी एक ओळ, मग चार ओळी, मग भरगच्च परिच्छेद. चार ओळी पोचल्या, परिच्छेद अडकला. मेल पुन्हा पुन्हा त्याच लांबीवर अडत होती.

"श्रीरंग, तुझा तो पिंग केवढा असतो?"

"केवढा म्हणजे? छोटासाच."

"मोठा करता येतो?"

"येतो. का?"

"करून बघ ना. थोडा थोडा वाढवत ने."

श्रीरंगने कंटाळत आकार वाढवत नेला. काही वेळाने त्याने तोच आकार पुन्हा टाकून पाहिला.

"यार," तो म्हणाला, "एका साइजच्या वर उत्तरच येत नाहीये."

उलगडा साधा होता. टपालाची पाकिटे सुरक्षेसाठी बोगद्यात दुसऱ्या पाकिटात घातली जात. त्यामुळे भरलेले पाकीट फुगे. वाटेतले एक यंत्र अशी फुगलेली पाकिटे टाकून देई. 'टाकून दिले' हे कळवणारा निरोपही ते पाठवी. पण तो निरोप कंपनीने, सुरक्षेसाठीच, दारात अडवलेला होता. हुकूम आखूड असतात, ते पोचत. कारणे लांब असतात, ती मरत. आणि मेल्याची वर्दी द्यायला मनाई होती. यापेक्षा परिपूर्ण शासनव्यवस्था कुणी मुद्दाम रचली असती तर तिला पुरस्कार मिळाला असता.

श्रीरंगने पाकिटाच्या मापाचा आकडा थोडा उतरवला. "आता बघ."

सुधन्वाच्या पडद्यावर टपालाचा लोंढा आला. त्यात सर्वांत वर विनया मॅडमची हुकुमापाठोपाठ पाठवलेली मेल होती, दीड पानी, कागदपत्रांसह. 'आपल्या कौटुंबिक परिस्थितीचा विचार करता आपली बदली रद्द करावी, असा प्रस्ताव आहे. आपली संमती शुक्रवारपर्यंत कळवावी.'

तिच्या खाली, सकाळीच सहज पोचलेली आणि त्या धांदलीत त्याने न पाहिलेली, एक ओळ होती. 'आपल्या नकारानुसार बदली रद्द करण्याचा प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे; एक तारखेस पुण्यात हजर व्हावे.'

सुधन्वाने फोन उचलला. आधी प्रमोदिनीला.

"तुझी ओळ भलत्याच प्रस्तावाला जाऊन लागली," तो म्हणाला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा सारे चार वाक्यांत सांगितले.

पलीकडे मंत्रालयात फाइल मिटल्याचा आवाज आला.

"ड्राफ्ट तर चांगला होता," प्रमोदिनी म्हणाली. "मॅडमना फोन लाव. आता तरी विषयाचं नाव घे."

विनया मॅडमनी त्याचे ऐकून घेतले. "अहो आगटे, मला तरी कुठे पाठवायचंय तुम्हाला? मी म्हटलं, माणसाला पुण्याची ओढ दिसतेय. नक्की कुठे राहायचंय?"

"इथेच."

"मग तसं मेलवर टाका. पाचच्या आत."

सुधन्वाने लिहिले : 'इथेच.' आणि पाठवले. उत्तर लगेच आले. 'फाइलसाठी कारणे सविस्तर लिहावीत.'

खोडलेली तीन पाने कुठेच नव्हती. बोगदा मात्र लख्ख उघडा होता. सुधन्वाने बाह्या वर सारल्या, 'इथेच'पुढचा पूर्णविराम खोडला आणि तेथे स्वल्पविराम दिला.