ध्वजारोहणाचे हवाई तास

पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीत प्रजासत्ताक दिनाला झेंडा कोणी फडकवायचा, हा वाद कार्यकारिणीने सनदशीर मार्गाने कायमचा मिटवला. ज्याचं अपत्य विमानाने सर्वांत जास्त तास लांब, त्याने दोरी ओढायची. ठराव एकमताने मंजूर झाला. ज्यांची मुलं गावातच होती, त्यांना सभेत शेवटच्या रांगेत बसवलं होतं आणि तिथून बोललेलं इतिवृत्तात येत नसे.

विलासराव त्या रांगेतले. सारी हयात कारखान्यात गेली, बायको मागेच वारली. एकदा तरी झेंडा आपल्या हाताने फडकवावा, एवढी एकच हौस उरली होती. पण लेक आम्रपाली चाकणच्या कंपनीत इंजिनिअर आणि रोज बापाच्या जेवणाला घरी हजर. असल्या पोरीचं करायचं काय?

"अहो, चाकणहून यायला तिला अडीच तास लागतात," ते अध्यक्ष बबनरावांना म्हणाले. "रिझवानभाईंचा अजिम दुबईला, त्याचे तुमी तीन धरले. अर्ध्या तासाचा तर फरक हाय!"

"विलासराव, ट्रॅफिकचे तास ग्राह्य नाहीत. हवाई तास बोला." बबनरावांचा मुलगा फ्रँकफुर्टला, नऊ तासांवर. "चाकणची दोन मिनिटं होतात. तिथे व्हायचा तो विमानतळही झाला नाही, त्याला समिती काय करणार?"

विलासरावांनी हाय खाल्ली. कंपनीने आम्रपालीला मेलबर्नची जागा देऊ केली होती, ती तिने नाकारली होती. आता बापच हात धुऊन मागे लागला.

"पप्पा, तुमच्या शुगरकडे कोण बघणार?"

"बारा तास, बाळा! बबनरावांपेक्षा तीन जास्त!"

ती रडत गेली. विलासराव पहिल्या रांगेत, थेट पंख्याखाली आले. पाण्याच्या टँकरच्या प्रश्नावर लोक त्यांचं मत विचारू लागले.

जानेवारीत फोन आला. "पप्पा, पंचवीसला येतेय. तुम्ही झेंडा फडकवणार आणि मी बघायला नाही, असं कसं?"

विलासरावांना भरून आलं. ते धावत बबनरावांना सांगायला गेले. बबनरावांनी शांतपणे नियम वाचून दाखवला. समारंभावेळी अपत्य आवारात आढळल्यास तास शून्य धरावेत.

"मग मान नाइलाजाने आमच्याकडे येतो," ते म्हणाले.

विलासरावांनी लेकीला फोन लावला. "तिकीट रद्द कर. सव्वीसनंतर कवाबी ये."

"रजा तेवढीच आहे, पप्पा." मग तिने विचारलं, "मी खरंच नको येऊ?"

"नको."

सव्वीसला झेंडा डौलाने वर गेला. 'बारा तास!' अशी माइकवरून घोषणा झाली, टाळ्यांचा कडकडाट झाला. विलासरावांचे डोळे वाहत होते. लोकांना ती देशभक्ती वाटली.

तुम्ही हसू नका. बारा म्हटल्याबरोबर तुम्हीही मनातल्या मनात आपल्या पोराचे तास काढलेत. जास्त निघाले तेव्हा ताठ बसलात. आणि ज्यांचं पोर शेजारच्या खोलीतच होतं, त्यांनी त्या दाराकडे जरा रागानेच पाहिलं.